नील बेटावर दोघंच: बांबूच्या झोपडीतला मुक्काम

अंदमानच्या बहुतेक सहलींमध्ये नील बेटाच्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. सकाळच्या बोटीने उतरायचं, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायचं, नैसर्गिक पुलासमोर फोटो काढायचे आणि दुपारच्या बोटीने निघायचं. नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर असं करू नका. नीलला दोन-तीन रात्री तरी राहा. आणि तेही मोठ्या रिसॉर्टमध्ये नको, बाजारापासून दूर, नारळ-सुपारीच्या बागेतल्या साध्या झोपडीत. आम्ही तसे राहिलो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही असा निवांत वेळ आम्हाला आजवर मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नावांबद्दल. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, २०१८ मध्ये, नीलचं शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचं नावही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटांवर, पाट्यांवर, लोकांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावं येतात, तेव्हा दोन्ही लक्षात असू द्या.

आमची झोपडी म्हणजे एक खोली आणि एक ओटी. भिंती विणलेल्या बांबूच्या, वर झावळ्यांचं छप्पर, आत पलंग, मच्छरदाणी, पंखा आणि एक दिवा. मागे न्हाणीघर, त्याला अर्धंच छप्पर, त्यामुळे आंघोळ करताना वर पाहिलं की माडाचे शेंडे आणि आभाळ. एसी नाही, टीव्ही नाही, फोनला रेंज ओटीच्या एका कोपऱ्यात आली तर आली. दुपारी बांबूच्या विणीतून ऊन आत झिरपायचं आणि पांढऱ्या चादरीवर बारीक चौकटी उमटायच्या. ऊन सरकेल तशा त्या चौकटी पलंगाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायच्या. आम्ही पडल्या पडल्या तेच बघत असू.

पहिल्या संध्याकाळी वीज गेली आणि आमचं बोलणं सुरू झालं. मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं, घराचं रंगकाम हे सगळे विषय तासाभरात संपले. मग नवऱ्याने सांगितलं की बारावीनंतर त्याला मर्चंट नेव्हीत जायचं होतं, फॉर्मही आणला होता, पण घरून नाही म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. घरी असतो तर कुणाचा तरी फोन वाजला असता आणि ती गोष्ट अर्धवट राहिली असती. नीलला ती पूर्ण झाली. साध्या जागी राहण्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण साधी जागा म्हणजे गैरसोयीची जागा असायचं कारण नाही. बुकिंग करण्याआधी फोन करून थोडी चौकशी करा. मच्छरदाणी धड आहे का? वीज गेली तर पंखा चालतो का? न्हाणीघर स्वतंत्र आहे ना? प्यायचं पाणी भरून देतात का? रात्रीचं जेवण तिथेच मिळतं का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण बाजार लवकर बंद होतो आणि अंधारात बागेच्या वाटेने जेवण शोधत फिरणं नको वाटतं. हेडटॉर्च किंवा चांगली बॅटरी प्रत्येकी एक घ्या. रोख पैसे श्री विजयपुरमहूनच घेऊन निघा, नेटवर्क नसेल तेव्हा फोनवरून पैसे देणं जमत नाही.

दिवसाचं वेळापत्रक इथे वेगळंच असतं. घड्याळ आपलंच, पण बेट मुंबईच्या कितीतरी पूर्वेला, त्यामुळे सूर्य जवळजवळ सव्वा तास आधी येतो आणि तसाच लवकर जातो. हिवाळ्यात पाच-साडेपाचला सूर्यास्त होतो. ‘चहा घेऊन सहा वाजता किनाऱ्यावर जाऊ’ म्हणाल तर अंधार बघायला मिळेल. सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर-१ ला साडेचारलाच जाऊन बसा. सूर्योदय सीतापूरला, आणि त्यासाठी पहाटे साडेचारचा गजर लावायची तयारी हवी. आम्हाला सीतापूर जास्त आवडलं, कारण त्या वेळी तिथे जवळपास कुणी नसतं. बेट लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलनेही आरामात जाता येतं. स्कूटरही भाड्याने मिळते, पण सायकलच घ्या. दोघांनी शेजारी शेजारी, गप्पा मारत सायकल चालवण्याइतके निवांत रस्ते आता आपल्याकडे कुठे राहिलेत?

सूर्याइतकंच लक्ष भरती-ओहोटीकडे ठेवावं लागतं. लक्ष्मणपूर-२ चा नैसर्गिक पूल, म्हणजे समुद्राने कोरून काढलेली खडकाची कमान, ओहोटीलाच नीट बघता येते. भरतीला तिथवर जायची वाट पाण्याखाली जाते. भरतपूरचं उलट आहे. ओहोटीला तिथलं पाणी इतकं उथळ होतं की पोहता येत नाही आणि पाय प्रवाळावर पडायची भीती असते, तिथे पाणी भरलेलं असताना जा. वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून काल कुणाला साधली ती वेळ आज चालत नाही. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर पुढच्या दिवसांच्या वेळा विचारून लिहून घ्या आणि मगच बेत ठरवा. एक-दोन दिवसांत परतणाऱ्याला हे जमत नाही, मिळेल त्या वेळी मिळेल ते बघावं लागतं.

तारखा तुमच्या हातात असतील तर कॅलेंडरात अमावास्या बघून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल लागते आणि कमानीभोवतीचा प्रवाळी खडक लांबवर उघडा पडतो. अमावास्येला वर चांदण्यांचं आभाळही मिळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी तेवढं ओसरत नाही.

त्या उघड्या खडकातल्या डबक्यांपाशी आम्ही खूप वेळ काढला. गुडघ्यावर बसून नुसतं बघत राहायचं. सुरुवातीला फक्त पाणी आणि दगड दिसतात. नजर स्थिरावली की बोटभर निळे मासे दिसायला लागतात, मग तळाशी पडलेली काळी समुद्रकाकडी, मग खडकात रुतून बसलेला आणि सावली पडताच मिटणारा जांभळ्या ओठांचा शिंपला. हात लावू नका. चांगली पकड असलेले बूट घाला, चपला शेवाळावर घसरतात. पाणी चढायला लागलं की थांबू नका, लगेच परत फिरा.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलायला इथे मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. पण मनाई नसती तरी उचलू नयेत. आमच्या ओटीवर रात्री हर्मिट क्रॅब यायचे, मागच्या मऊ अंगावर स्वतःचं कवच नसलेले, रिकाम्या शंखात घर करून तो पाठीवर वागवणारे खेकडे. वाढले की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. त्यातला एक प्लास्टिकचं झाकण पाठीवर घेऊन फिरताना पाहिला, तेव्हा नवऱ्याने पिशवीत ठेवलेले शंख न बोलता वाळूत परत नेऊन ठेवले.

वाळूतल्या बारीक माश्यांचा त्रास मात्र होतो. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते. पहाटे आणि संध्याकाळी उघड्या वाळूवर लोळू नका, जाड चादर किंवा चटई घ्या, पायांना खोबरेल तेल चोपडा. खाजेवरचं औषध डॉक्टरांना विचारून घरूनच न्या.

जेवणाची चिंता नको. इथे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. गावांची नावं रामायणातली, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, आणि स्वयंपाक बंगाली. आमच्या इथल्या दीदी सकाळीच विचारायच्या, रात्री काय हवं. मोहरीच्या वाटणातला मासा आणि भात, त्याची चव अजून तोंडावर आहे. शाकाहारी मंडळींचे हाल होतील असं समजू नका, हे बेट भाजीपाल्यासाठीच ओळखलं जातं आणि वांगी-भोपळे समोरच्या वाफ्यातून येतात. हिंदी सगळ्यांना येते.

जायचं नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. श्री विजयपुरमहून सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, खासगी बोटी वेगळ्या धक्क्यावरून सुटतात, तेव्हा तिकिटावरचं धक्क्याचं नाव नीट वाचा. ओळखपत्र लागतं आणि तासभर आधी पोचावं लागतं. खासगी बोटी वेगवान आणि बंदिस्त असतात. सरकारी बोटीला वेळ जास्त लागतो, पण डेकवर वारा खात उभं राहता येतं, म्हणून माझं मत तिलाच. तिची तिकिटं लवकर संपतात, तारीख ठरली की आधी ती काढा. बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या.

परतीचं विमान आणि बोट एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शेवटची रात्र श्री विजयपुरमलाच काढा. तेवढ्या वेळात सेल्युलर जेल शांतपणे बघून होतं. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. दुपारच्या गर्दीत तिथे दोन मिनिटंही उभं राहता येत नाही, म्हणून सकाळी दार उघडताच आधी तिकडे जा आणि खालची दालनं नंतर बघा.