दोन पातळ्यांचा ओटा

मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, शटर अ‍ॅक्रिलिक की लॅमिनेट?" स्वयंपाक कोण करतं, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे दोघी करतो. सासूबाई चार फूट दहा इंच, मी पाच फूट पाच. ओटा बिल्डरने दिलेला, ३४ इंचांचा. म्हणजे दोघींनाही न बसणारा.

शेवटी नणंदेच्या ओळखीतल्या एका इंटिरिअर डिझायनरला बोलावलं. आराखडा काढण्याआधी तिला सकाळचा स्वयंपाक नुसता बसून बघायचा होता. ह्यांना वाटलं, बघायचे कसले पैसे? मलाही जरा अवघडच वाटलं. परक्या माणसासमोर डबे धुंडाळायचे म्हणजे काय.

तिने सासूबाईंना विचारलं, "आजी, ओट्याचा काही त्रास?" "छे गं, इतकी वर्षं चाललंय की." आणि पुढच्याच मिनिटाला पोळी लाटताना टाचा उचलल्या. खांदे कानाशी. पोळीला जोर लावायचा तर अंगाचा भार लाटण्यावर यायला हवा, तो येतच नव्हता. विचारलेल्यापेक्षा बघितलेलं खरं, हे तिचं तंत्र मला तिथेच पटलं. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्रास अंगवळणी पडला की तो त्रास म्हणून आठवतच नाही.

मग टेप निघाली. सरळ उभं राहून कोपर दुमडायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. सासूबाईंचं कोपर ३६ इंचांवर, माझं साडेचाळीसवर. अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम माणसाच्या अंगाला जुळवून घेण्याच्या शास्त्राचा, जुना नियम असा की चिरण्या-निवडण्यासारख्या हलक्या कामाला ओटा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली हवा आणि जोराच्या कामाला त्याहून खाली. पोळी आणि भाकरी जोराच्या कामात मोडतात. ही मापं परदेशी बायकांची नाहीत ना, ही माझी शंका. त्यावर तिने सांगितलं की अहमदाबादच्या एनआयडीने, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, १९९७ साली देबकुमार चक्रवर्तींचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं, ते ती वापरते. पण घरात दोनच माणसं असतील तर सरासरी कशाला, त्यांचीच कोपरं मोजावीत.

खरी गंमत शेगडीची. ओटा ३४, त्यावर शेगडी, त्यावर कढई. डाव फिरवताना सासूबाईंचा हात जवळजवळ खांद्याला येई. उलट बेसिनचा तळ ओट्याहून आठ इंच खाली, म्हणून भांडी घासणाऱ्या मावशी कमरेत वाकलेल्या. डिझायनरने मावशींनाही विचारलं. त्यांनी पाठीचं सांगितलं आणि पदर पुढून ओला होतो तेही. इतक्या वर्षांत हे आमच्या कानावर आलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

म्हणून ओटा दोन पातळ्यांचा. शेगडी आणि पोळ्यांची जागा ३० इंचांवर, बेसिन आणि चिरायची जागा ३६ वर. ग्रॅनाइट कापण्याआधी तिने जुन्या ओट्यावर प्लायच्या फळ्या रचून ३६ ची उंची करून दाखवली आणि ३० साठी एक टेबल लावलं. आठवडाभर आम्ही त्यावर खरा स्वयंपाक केला. ह्यांनी येता-जाता टेबलाला ठेच खाल्ली ते सोडा, पण सासूबाईंच्या टाचा जमिनीला टेकल्या. पोळ्यांच्या जागेखाली कपाट न करता ते मोकळं ठेवलं, गुडघे आत जातात. दुखरा गुडघा असेल त्या दिवशी त्या उंच स्टुलावर बसून लाटतात.

बसून काम करायचं स्टूल १९२६ च्या, जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट किचनमध्येही होतं. मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईने रेल्वेच्या डायनिंग कारचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून, घड्याळ लावून ते बेतलं. कामगार वसाहतींत सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. पण ते एकाच बाईचं स्वयंपाकघर, दुसरी आत आली की अडचण. आपल्याकडे सणाला तीन-तीन बायका ओट्याशी असतात. बेसिन, शेगडी आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मिळून २६ फुटांच्या आत ठेवा, हा अमेरिकी नियमही डिझायनरने बाजूला ठेवला. सात बाय आठच्या खोलीत तो मोडणार तरी कसा!

ग्रॅनाइटवाल्याला हे मुळीच रुचलं नाही. "ताई, सलग ओटाच शोभतो, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" त्याचा दुसरा आक्षेप मात्र खरा होता. पायरीच्या सांध्यात पीठ आणि पाणी साचतं. तिथे उभी पट्टी बसवली तरी रोज बोट घालून पुसावं लागतंच.

दिव्याचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. जुनी ट्यूब पाठीमागे होती, त्यामुळे आपलीच सावली ओट्यावर पडायची. साठीच्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो. वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावल्यापासून सासूबाई तांदूळ खिडकीशी न जाता ओट्यावरच निवडतात.

काही महिन्यांनी डिझायनर परत येऊन बसली. पुन्हा एक सकाळ, पुन्हा वही. मिक्सर ३६ इंचांच्या बाजूला राहिलाय आणि चटणी वाटताना झाकण दाबायला सासूबाईंचा हात पुन्हा खांद्याशी जातोय, हे तिला दिसलं. पोळ्यांच्या जागेशेजारी एक ओढायची फळी करायची ठरलीय. सुतार म्हणतो, गणपती झाल्यावर.