मुकुटाखालचा एन

आमच्या शोकेसमधला पोर्सेलिनचा, म्हणजे चिनी मातीचा, बाकड्यावर बसलेला फाटक्या कोटातला म्हातारा बघून येणारा प्रत्येक जण विचारतो, हा भिकारी कशाला आणलास गं घरात, सासूबाई तर रोजच विचारतात. आता काय सांगू, या म्हाताऱ्याने मला साफ गंडवलं आणि त्याच्याचमुळे पोर्सेलिनचा नाद लागला.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं फ्लॉरेन्सला होतो तेव्हाची गोष्ट. जवळच अरेत्सो नावाचं गाव आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, १९६८ पासून. एका दुकानदाराने म्हाताऱ्याला उलटं करून दाखवलं, खाली निळा एन आणि त्यावर मुकुट, म्हणाला कापोदिमोन्ते, म्हणजे नेपल्सच्या राजाच्या कारखान्यातलं पोर्सेलिन, अठराव्या शतकातलं. मी घासाघीस करून घेतला आणि ट्रेनमध्ये तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसले.

अरे पण म्हाताऱ्याच्या अंगात आजच्यासारखी कोट-पँट, अठराव्या शतकात? एवढं पण सुचलं नाही.

मग वाचत गेले. नेपल्सचा राजा चार्ल्स, त्याची राणी मारिया अमालिया, जर्मनीतला माइसेनचा पोर्सेलिनचा कारखाना काढला तो तिचाच आजा. १७४३ साली यांनी कापोदिमोन्तेच्या राजवाड्याच्या आवारात कारखाना काढला. तिकडे पोर्सेलिनला लागणारी पांढरी केओलिन माती मिळेना म्हणून वेगळंच मिश्रण केलं आणि त्यामुळे त्या बाहुल्यांचा रंग पांढराफटक नाही, सायीसारखा दुधाळ. १७५९ ला चार्ल्स स्पेनचा राजा झाला आणि कारागीर, माती सगळं घेऊन माद्रिदला निघाला. म्हणजे खरं कापोदिमोन्ते फक्त सोळा वर्षांचं, आणि त्याची खूण लिलीचं फूल! मुकुटवाला एन नंतरचा, चार्ल्सच्या मुलाने १७७१ मध्ये पुन्हा सुरू केलेल्या कारखान्याचा, आणि पुढे तो फ्लॉरेन्सजवळच्या जिनोरी कारखान्याने वापरला, जर्मनांनी वापरला, मग काय ज्याला वाटेल त्याने. आता कापोदिमोन्ते म्हणजे एक स्टाइल झालीय.

नेपल्सच्या म्युझियममध्ये राणीसाठी केलेली आख्खी पोर्सेलिनची खोली आहे, तीन हजारांवर तुकडे जोडलेले, मी तिथे तासभर मान वर करून उभी होते आणि नवरा बाहेर पिझ्झा शोधत होता.

तेव्हापासून मी शिक्का शेवटी बघते. आधी बोटं बघायची, ती एकमेकांपासून सुटी आहेत का, नखं दिसतात का, फुलाची पाकळी कडेला पातळ झालीय का, आणि मग नख फिरवून तुटलेलं चिकटवल्याचा जुना जोड कुठे लागतो का ते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली जोड वेगळाच चमकतो, ती टॉर्च आता पर्समध्येच असते.

म्हातारा विसाव्या शतकातलाच निघाला, पण त्याची बोटं मात्र खरंच सुरेख आहेत. होती म्हणायला पाहिजे, कारण गणपतीच्या साफसफाईत करंगळी गेली. ती मी जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवलीय आणि नवरा फेविक्विक घेऊन टपलेला आहे.