आधी श्वास, मग काम

कपाळाला आठ्या घालून बसलं की लक्ष लागतं, हा गैरसमज फार चिवट. त्याने लक्ष कमी आणि मान जास्त आखडते.

बसल्यावर पाच मिनिटं नाकाने श्वास: घेताना मनात ४ अंक, सोडताना ६. म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून तोच लांबवायचा. हमखास चुकतं ते छाती फुगवून श्वास ओढण्यात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. तसं झालं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

मग कागद. आधीचं काम अर्धवट टाकून दुसरं धरलं की थोडं लक्ष मागेच रेंगाळतं. सोफी लेरॉय यांचा २००९ सालचा शोधनिबंध याच विषयावर आहे. काम सोडण्याआधी पुढची पायरी लिहून ठेवा. ‘अहवाल बघणे’ असं मोघम नको. ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज तपासणे’ असं नेमकं.

फोन उलटा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीतच ठेवा. आणि मन भरकटलं म्हणून चिडू नका (चिडण्यातच अधिक वेळ जातो), ओळीवर बोट ठेवून तिथून पुढे वाचा. सुरुवातीची काही मिनिटं रटाळ वाटतातच, तेवढ्यात उठू नका.