परत फुटेल की!

"पावसात परत फुटेल की," बाबा म्हणाले. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, क्रेडल माउंटनला, समोरच्या उतारावर जळून पांढरी पडलेली खोडं बघून.

मी म्हटलं नाही हो बाबा, किंग बिली पाइन आहे हा, एकदा आग लागली की संपलं, बुंध्यातून परत फुटत नाही. त्यांना पटेचना. आपल्याकडे वणव्यात काळा ठिक्कर पडलेला पळस वर्षभरात पालवतो ना!

मग जिवंत झाडाच्या सालीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले. लालसर, धागेधागे निघालेली, ओली साल, नारळाच्या काथ्यासारखी. ही झाडं हजार वर्षांहून जास्त जगतात पण वाढतात अगदी मुंगीच्या पावलांनी, आणि टास्मानिया सोडून जगात कुठेच आपणहून उगवत नाहीत. गेल्या शंभरेक वर्षांत आगींनी यांची कितीतरी रानं खाल्ली आणि उरलेली आता उन्हाळे कोरडे होत चाललेत म्हणून धोक्यात.

वाल्डहाइमला गेलो, इथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी झटलेल्या गुस्ताव वाइनडॉर्फरने १९१२ साली याच लाकडाचं बांधलेलं घर (आत्ताचं नंतर पुन्हा उभारलेलं). बाबा दारातच थबकले.

रात्री जेवताना एकदम विचारलं, "मग तिथे आता काय उगवणार?"

मला काही सांगता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?