शोक्लादबोल: ओट्सचं गणित सुटायला लागलंय

शोक्लादबोल म्हणजे ओट्स, बटर आणि कोकोचे न भाजता वळलेले स्वीडिश गोळे. माझ्या गोळ्यांची चव केव्हाच जमली होती, दाताखालचा पोत तेवढा राहिला होता. म्हणून या वेळी प्रमाणाला हात लावला नाही: 100 ग्रॅम बटर, 1 डेसिलीटर (100 मिली) साखर, 3 डेसिलीटर ओट्स, 3 मोठे चमचे कोको, 1 छोटा चमचा व्हॅनिला साखर आणि 2 मोठे चमचे कडक, गार कॉफी. इथे स्वीडनमध्ये घरोघरी थोड्याफार फरकाने हेच असतं. ओव्हन लावायचा नसल्यामुळे लहान मुलंही हे हौसेने करतात.

बदल केला तो फक्त ओट्समध्ये. सगळे जाड ओट्स तसेच घातले तर चावत बसावं लागतं. पार पीठ केलं तर गोळा जड होतो, ओट्स आहेत हे कळतही नाही. आता दोन भाग अख्खे आणि एक भाग मिक्सरला जेमतेम फिरवून भरड. भरड केलेले ओट्स कॉफी लगेच पितात आणि मिश्रण बांधून धरतात, अख्खे दाणे दाताखाली येतात. हाच तो पोत!

बटर मात्र मऊच हवं, वितळलेलं नको. वितळलं की सुटं होऊन ओट्सना नुसतं तेलकट करतं.

आणि घाई नको. रव्याच्या लाडवासारखा हाही मुरावा लागतो. फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की कच्च्या ओट्सचा वास जातो, कोको पुढे येतो. माझ्या मते पहिल्या दिवशी चव घेऊन निकाल देऊच नये.

वळताना गार मिश्रणाला पर्ल शुगर चिकटत नाही. तळहातांवर जरा जास्त वेळ फिरवायचं. वरचं बटर सैल होऊन गोळ्यावर चकाकी आली की लगेच साखरेत लोळवायचं. ते पांढरे टणक दाणे सहज विरघळत नाहीत, कुरकुरीत राहतात. खोबऱ्याचा कीसही सर्रास लावतात, पण मला साखरच हवी.

11 मेला इथे शोक्लादबोलचा दिवस असतो. तोवर बटर तांबूस होईपर्यंत कढवून, पुन्हा गोठवून, मग फेसून घालायचं आहे. कढवताना बटरमधलं पाणी, म्हणजे साधारण सहावा हिस्सा, उडून जातं. त्यामुळे कॉफी एक चमचा वाढवेन आणि बटर थोडं जास्त घेऊन कढवेन. कुणी असं करून पाहिलं असेल तर कॉफी किती लागली ते नक्की सांगा.