अभ्यासिकेसाठी देणगीचे आवाहनपत्र लिहिताना

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी आमची संस्था संध्याकाळची अभ्यासिका चालवते. तिच्या खर्चासाठी देणगीदारांना पाठवायचे आवाहनपत्र लिहिण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे सोपवले. जुन्या पत्रांत संस्थेची स्थापना, उद्दिष्टे आणि मान्यवरांच्या भेटी यांना पानभर जागा असे आणि विनंती मात्र ‘यथाशक्ती सहकार्य करावे’ एवढ्या एका ओळीत उरकलेली असे. आपल्या पैशाचे नेमके काय होणार हे ज्याला कळत नाही, त्याने तो कशाच्या भरवशावर द्यावा?

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी खजिनदारांबरोबर हिशेबाची वही उघडली. जागेचे भाडे, वीजबिल, शिक्षिकांचे मानधन, वह्या-पुस्तके असा सगळा खर्च मुलांच्या संख्येने भागला, तेव्हा एका मुलामागे महिन्याला साधारण ५०० रुपये लागतात असे दिसले. ‘यथाशक्ती’च्या जागी ‘एका मुलीच्या वर्षभराच्या अभ्यासासाठी ६,००० रुपये’ ही विनंती आली, आणि ती पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात घातली.

सर्वांत अधिक वेळ घेतला तो एका आईविषयीच्या परिच्छेदाने. त्या ताई घरी बसून विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. वर्णन अधिक करुण करावे, अशी सूचना आली होती. मला ती मान्य नव्हती, कारण ज्यांच्या नावाने आपण मागतो त्यांना ते पत्र वाचून मान खाली घालावी लागू नये. ताई तेलुगू भाषिक असल्याने एका शिक्षिकेने त्यांना मजकूर तेलुगूत समजावून सांगितला. त्यांनी संमती दिली, पण मुलीला गणित चांगले येते हेही लिहा, असा आग्रह धरला. तसे लिहिले, नाव व छायाचित्र मात्र घातले नाही.

प्राप्तिकराच्या कलम ८०जीखालील, म्हणजे देणगीवरील करसवलतीची माहिती स्पष्ट दिली: २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीनुसार कर भरणाऱ्यांना ती मुळीच नाही. यामुळे देणग्या घटतील अशी शंका काहींनी घेतली, तरी अर्धवट माहिती देऊन पैसे मागणे मला योग्य वाटले नाही.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, मार्चअखेरच्या आधी लोकांना विचार करायला अवधी मिळेल अशा बेताने पत्रे टाकली. ‘प्रिय देणगीदार’ न लिहिता प्रत्येकाचे नाव हाताने लिहिले, आणि पूर्वी देणगी दिलेल्यांना आधी त्या पैशाचा विनियोग कळवून मगच नवी विनंती केली. नंतर मे महिन्यात करसवलतीसाठी लागणारा देणगीचा दाखला (फॉर्म १०बीई) पाठवताना सोबत वर्षाच्या हिशेबाचे एक पान आणि अभ्यासिकेची खबरबात दिली. त्या पत्रात मात्र पुन्हा काहीही मागितले नाही.