तुम्ही विचारलेत म्हणून: ‘इन्फिनिट’ची वाट मी का पाहिली

मॉब डीप, म्हणजे प्रॉडिजी आणि हॅव्हॉक ही न्यूयॉर्कची आफ्रिकन-अमेरिकन रॅप जोडी, हिचा ‘इन्फिनिट’ हा अल्बम १० ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, आणि विचारणारी माणसे माझी आपली असल्यामुळे ते टाळताही येत नाहीत. जो प्रॉडिजी २०१७ मध्ये वारला त्याच्या नव्या अल्बमची इतकी वर्षे वाट पाहण्यात काय अर्थ होता, हा पहिला प्रश्न. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: तुमच्यासारख्या आजारी, महाविद्यालयात शिकवणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या बाईला हे खुनाच्या धमक्यांचे संगीत कशासाठी लागते? आजवर पहिल्याला मी ‘आवडते म्हणून’ एवढेच सांगत आले आणि दुसऱ्यावर गप्प राहिले. दोन्हींचे उत्तर एकच आहे, पण ते एका वाक्यात मावणारे नाही.

न्यूयॉर्कमधली क्वीन्सब्रिजची ती सरकारी वसाहत, १९९५ चा त्यांचा अल्बम ‘द इन्फेमस’, हॅव्हॉकचे अंधारे बीट म्हणजे रॅपखालचे संगीत, हे सारे तुम्ही माझ्याकडूनच अनेकदा ऐकले आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. तुमचे लक्ष ज्या गोष्टीकडे जात नाही ती वेगळी आहे. प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. माझ्यासारखाच, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. १९९६ मध्ये टुपाक या रॅपरने एका गाण्याच्या शेवटी त्याच्या या आजाराची जगजाहीर टवाळी केली. २००० मध्ये प्रॉडिजीचा एकट्याचा पहिला अल्बम आला, आणि त्यात त्याने या आजारावर एक अख्खे गाणे केले. माझे दुखणे तुला कधीही कळणार नाही, असे तो त्यात ऐकणाऱ्याला बजावतो. तो दया मागत नाही, धीर देत नाही, जनजागृतीही करत नाही.

हे मला का भिडले, ते विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावणे कठीण जाते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात, विशेषतः आमच्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी गावांत, हा आजार घरोघरी ठाऊक आहे. त्याच्यावर भित्तिपत्रके आहेत, पथनाट्ये आहेत, लग्नाआधी रक्त तपासून घ्या असे सांगणाऱ्या पाट्या आहेत, आणि त्या सगळ्यांत आम्ही बिचारे असतो. प्रॉडिजी कोणाच्याही लेखी बिचारा नव्हता. त्याला लोक घाबरत होते. सिकलसेल असलेल्या माणसाला कोणी घाबरावे, ही गोष्ट मी त्याच्यामुळे पहिल्यांदा पाहिली. हे रक्ताचे नाते आहे, असे काही जण मला प्रेमाने म्हणतात. तेही मी मान्य करत नाही, कारण भारतातील हे जनुक आफ्रिकेतून आलेले नसून मलेरियाच्या प्रदेशात इकडे स्वतंत्रपणे उपजले, असे अनेक अभ्यासक मानतात. आमच्यात सारखे आहे ते फक्त दुखणे, आणि त्या दुखण्यावर लोकांचा न बसणारा विश्वास.

विश्वासाचा मुद्दा आला म्हणून ती रात्र सांगणे भाग आहे. आजवर मी ती घराबाहेर सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामासाठी मी पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात गेले होते. थंडीचे दिवस होते, प्रवास लांबचा होता, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही याची खात्री नसल्यामुळे बसमध्ये बायका पितात तेवढेच बेताचे पाणी मी प्याले होते. आमच्या शरीराला एवढे कारण पुरते. तांबड्या पेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि ज्या हाडापर्यंत रक्त पोहोचत नाही ते हाड आतून पेटते. मध्यरात्री मांड्या, कंबर आणि बरगड्या एकदम धरल्या. मी एकटीच रिक्षाने एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेले. फाइल बरोबर होती. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांना मी क्रमाने सांगितले की माझा एसएस पॅटर्न आहे, क्रायसिस, म्हणजे या आजाराचा वेदनेचा झटका, सुरू झाला आहे, सलाईन लावावे, ऑक्सिजनची पातळी पाहावी आणि माझ्या नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे त्या मात्रेत मॉर्फिन द्यावे. फाइल त्यांनी उघडली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, खरंच एवढं दुखत असतं तर तुम्ही इतक्या शांतपणे बोलला असता का?”

मग चौकशी सुरू झाली. हे इंजेक्शन मी याआधी कुठे कुठे घेतले आहे, त्याची सवय लागली आहे का, घरचे कोणी बरोबर का नाही. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असे आपण पुस्तकात वाचले आहे, असेही त्यांनी मला ऐकवले. पॅरासिटॅमॉलची बाटली लावून ते निघून गेले. त्या खाटेवर पडल्या पडल्या मी एक निर्णय घेतला, जो आजही मला सहन होत नाही: मी ओरडायचे ठरवले. दुखणे अनावर झाले म्हणून नव्हे, कारण अनावर दुखणे गिळायला मी लहानपणीच शिकले होते. त्यांना पटावे म्हणून मी ठरवून, जोर लावून ओरडले. सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर आले, आणि म्हणाले, “मघाशी तर नीट बोलत होतात. आता हे नाटक कशाला?” शांत बोलले म्हणून दुखणे खोटे होते आणि ओरडले म्हणूनही ते खोटेच ठरले. पहाटे वरिष्ठ डॉक्टर बाई आल्या, त्यांनी उभ्या उभ्या फाइल वाचली आणि लगेच औषध मिळाले. त्या रात्रीच्या वागण्याबद्दल मला कोणी काहीही म्हणाले नाही.

तुम्हाला वाटेल की त्या खाटेवर मी कानात प्रॉडिजी लावला असेल. मी काहीही लावले नव्हते; दुखणे त्या थराला गेले की संगीत हा नुसता त्रास असतो. पण घरी परतून सावरल्यावर जेव्हा मी त्याला पुन्हा ऐकले, तेव्हा इतक्या वर्षांच्या ओळखीचा तो आवाज मला निराळा ऐकू आला. तो चढत नाही. इतर रॅपर जिथे गर्जतात तिथे प्रॉडिजी जवळजवळ बोलल्यासारखा, एका पट्टीत, शब्द तोलून टाकत राहतो, आणि ऐकणारे त्याला थंड आणि निर्दय म्हणतात. मला तो श्वास राखून बोलणाऱ्याचा आवाज वाटतो, आपल्या शांतपणावर कोणी विश्वास ठेवला नाही तरी ओरडून दाखवायला नकार देणाऱ्याचा. ही माझीच भर आहे असे तुम्ही म्हणाल तर ते मला खोडून काढता येणार नाही, कारण त्याचा आवाज आजारामुळे तसा घडला याचा पुरावा माझ्याजवळ नाही. तरीही मी त्याला तसाच ऐकते.

वाट पाहण्याचे कारण हे आहे. मृत्यूनंतर निघणाऱ्या अल्बमांत गेलेल्या माणसाला बहुधा संत केले जाते, मागे कोरस लावतात, त्याचे तुकडे जोडून त्याला सर्वांना क्षमा करायला लावतात. प्रॉडिजीचे असे झाले असते तर त्याला अखेर बिचारा करून दाखवले असते, आणि ते मला बघवले नसते. हॅव्हॉकने तसे होऊ दिले नाही. त्याच्या आणि द अल्केमिस्ट या निर्मात्याच्या बीटवर प्रॉडिजी येतो तो पूर्वीसारखाच धमकावत, उद्धट, आवाज न चढवता येतो. त्याच्या ओळींत बायकांविषयी जे येते त्याचे समर्थन मी केलेले नाही आणि करणार नाही. ते ऐकताना मला राग येतो, आणि तो राग बाजूला ठेवून ऐकावे असेही मी कोणाला सांगत नाही.

आता ज्या प्रश्नावर माझे माझ्याशीच जमत नाही तो प्रश्न. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. २०१७ मध्ये त्याच्या दुसऱ्या दिवशी, २० जूनला, प्रॉडिजी लास वेगासमध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी गेला. तिथल्या कार्यक्रमानंतर आजार उफाळून त्याला दाखल केले होते, आणि रुग्णालयात असतानाच घास अडकून तो गुदमरला, असे मृत्यूच्या तपासणीत नोंदले गेले. त्या दिवशी मी माझ्या धाकट्या भावाला निक्षून सांगितले होते की आता मॉब डीपच्या नावाने काहीही निघू नये. आमच्या शरीराविषयीचे निर्णय आयुष्यभर दुसरेच घेतात, निदान आवाज तरी ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा, असे माझे म्हणणे होते. वारसांची संमती ही कायद्याची संमती असते. कोणती ओळ ठेवायची आणि कोणती टाकायची हे ठरवायला तो स्वतः नसतो. यातील एकाही शब्दाला माझ्याकडे आज उत्तर नाही. दुसरीकडे, त्याने ध्वनिमुद्रित करून ठेवलेली कडवी कायमची बंद ठेवणे हाही त्याला न विचारता घेतलेलाच निर्णय ठरला असता, आणि किशोरवयापासून त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या हॅव्हॉकपेक्षा तो घेण्याचा अधिकार कोणाला होता, हे मला सांगता येत नाही. भाऊ मला माझे जुने बोलणे आठवून देतो. मी ते नाकारत नाही, आणि अल्बमही बंद करत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवते. नास, क्लिप्स, घोस्टफेस, रेक्वान हे पाहुणे रॅपर ही सारी मोठी माणसे आहेत आणि त्यांनी या अल्बमवर यावे हा मित्राचा मानच आहे. पण मला त्यांची गरज नव्हती. प्रॉडिजी आणि हॅव्हॉक दोघेच असते, मध्ये कोणीही नसते, तर त्यासाठी मी आणखी तेवढीच वर्षे थांबले असते.